पैसे कुणाच्या तिजोरीत पडले?

‘बनी तो बनी, नहीं तो परभनी.’ परभणीचं नाव ऐकलं की ही म्हण कुणीतरी म्हणून दाखवतोच. जिल्ह्यातल्या जमिनीच्या व्यवहारांनाही ती चपखल बसते. जमला तर व्यवहार जमला. नाही जमला तर तलाठी, तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी आणि शेवटी संभाजीनगरचं खंडपीठ अशी लांबलचक वारी सुरू होते. त्या वारीतल्या प्रत्येक थांब्यावर खरेदीदार एकच प्रश्न विचारत असतो: माझे पैसे परत कोण देणार?

समजा, जिंतूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी फंडाच्या पैशांतून दोन एकर काळी जमीन घेतली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत झालं, मुद्रांक भरला, नोंदणी फी भरली, अंगठे झाले, फोटो झाले. महिन्याभरानं फेरफार मंडळ अधिकाऱ्याकडे गेला आणि नामंजूर होऊन परत आला. कारण एका ओळीचं: जमीन इनामाची आहे, भोगवटादार वर्ग-2 आहे, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी नाही. गुरुजींचा युक्तिवाद सरळ होता. सरकारच्याच कार्यालयात दस्त झाला, मुद्रांक सरकारनंच घेतला, आता जमीन सरकारची आहे म्हणणारंही सरकारच. मग पैसे सरकारनंच परत द्यायला नकोत का?

ऐकायला हे रास्त वाटतं, पण कायदा असा विचार करत नाही. सरकार एक असलं तरी गुरुजींच्या खिशातून गेलेले पैसे एका वाटेनं गेलेले नाहीत. जमिनीची किंमत विकणाऱ्याकडे गेली. मुद्रांकाची रक्कम कोषागारात गेली. नजराणा, म्हणजे परवानगीपोटी सरकारला भरायची रक्कम, तर भरलीच नव्हती. परताव्याचा सगळा कायदा या वाटा वेगळ्या करण्यातच आहे. सरकार परत देतं ते फक्त सरकारच्या चलनावर जमा झालेलं. ही गोष्ट डोक्यात ठेवली तर या प्रकरणातला उरलेला गुंता बराच सुटतो.

सरकारी जमीन म्हणजे नेमकी कोणती?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 सांगते की जी जमीन दुसऱ्या कुणाच्या मालकीची नाही ती राज्य सरकारची. वाक्य छोटं आहे, पण परभणीसारख्या जिल्ह्यात त्याच्या पोटात दोनशे वर्षांचा इतिहास बसलेला आहे.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात दिवाणी म्हणजे थेट सरकारी मुलूख होता, निजामाच्या खासगी खर्चाचा सर्फ-ए-खास होता, जहागिऱ्या होत्या आणि गावोगाव इनामं होती. चरितार्थासाठी दिलेली ती मदतमाश. देवळाच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. इनामाचा निवाडा ‘मुंतखब’ नावाच्या उर्दू कागदात लिहिलेला असे. तो आजही एखाद्या पेटीच्या तळाशी सापडतो आणि घरात तो वाचणारं कुणी नसतं.

जहागिऱ्या 1949 मध्ये गेल्या. इनामं रद्द करणारा कायदा 1954 चा. कूळकायदा 1950 चा, त्याचं पूर्ण नाव हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. या कायद्यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, पण अनेक ठिकाणी हात राखून दिली: कसा, वारसांना द्या, मात्र विकायची झाल्यास आधी विचारा. पुढे सीलिंगमध्ये निघालेल्या जमिनी वाटल्या, त्यांनाही हीच अट लागली. भूमिहीनांना दिलेले पट्टे आणि धरणग्रस्तांना दिलेली पर्यायी जमीनही बहुधा याच अटीवर असते. येलदरी आणि निम्न दुधना ज्या जिल्ह्यात आहेत तिथं ‘धरणग्रस्त’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

अशा सगळ्या जमिनींवर सातबारात ‘भोगवटादार वर्ग-2’ लिहिलेलं असतं. वर्ग-1 चा शेतकरी आपली जमीन विकायला मोकळा असतो, वर्ग-2 चा नसतो. त्याच्याकडे कब्जा आहे, पीक आहे, वारसा आहे, पण विक्रीची किल्ली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

गायरानाची तऱ्हा याहून वेगळी. तिथं विकायला कुणाकडे काहीच नसतं. गावच्या गुरांसाठी राखलेली ती जमीन सरकारची. ग्रामपंचायत फक्त राखणदार. तरीही रस्त्यालगतच्या गायरानात प्लॉट पडतात, बॉण्डपेपरवर लिहून दिले जातात, नोटरीचा शिक्का बसतो आणि ग्रामपंचायतीच्या नमुना नं. 8 ला घर लागतं. घरपट्टीची पावती मिळाली की घेणाऱ्याला वाटतं, झालं आपल्या नावावर. नमुना नं. 8 हा कर वसुलीचा कागद आहे, मालकीचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना बजावलं आणि त्याच वर्षी 12 जुलैला महाराष्ट्रानं गायरानासंबंधी शासन निर्णय काढला. बॉण्ड घेऊन बसलेल्याला त्या निर्णयात परताव्याचा शब्द सापडणार नाही. त्यानं दिलेला एक रुपयाही सरकारकडे आलेला नव्हता.

विकणारं सरकारच असेल तर

आता उलटी बाजू. कधी कधी विकणारं खरोखर सरकारच असतं. महसुलाची किंवा महसुलासारखी वसूल होणारी थकबाकी भरली नाही म्हणून तहसीलदार जमीन जप्त करून लिलावाला काढतात. बोली बोलणाऱ्यानं जागेवर चौथाई रक्कम भरायची, उरलेली मुदतीत. नंतर उघड होतं की ज्याची म्हणून जमीन विकली, त्याला ती विकण्याजोगा हक्कच नव्हता.

अशा वेळी संहितेनं खरेदीदाराला दार ठेवलं आहे. लिलावापासून 30 दिवसांच्या आत तो जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. विक्री रद्द झाली की भरलेली रक्कम परत. दुसरा प्रकारही आहे: मूळ मालक मुदतीत येऊन थकबाकी भरतो आणि जमीन सोडवतो. तेव्हा त्याला खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम जादा भरावी लागते. बोली बोलून हात हलवत जाणाऱ्या माणसाची कायद्यानं केलेली ही बूज. दिवाणी न्यायालयाच्या लिलावालाही दिवाणी प्रक्रिया संहितेत जवळपास हीच व्यवस्था आहे आणि तिथं व्याजाचीही तरतूद आहे.

लिलावाखेरीजचे व्यवहार, म्हणजे कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन दिलेली जमीन पुढे देण्याजोगीच नव्हती असं ठरलं, तर भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 65 कामी येतं. करार रद्दबातल असल्याचं उघडकीस आलं, तर ज्यानं त्यातून लाभ घेतला त्यानं तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. त्यात माणूस आणि सरकार असा भेद केलेला नाही. जमीन गेली आणि पैसेही तिजोरीतच राहिले, असं सरकारलाही करता येत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचं सरकार पश्चिमेकडची जमीन एकरी सव्वा डॉलरनं विकत होतं. रेल्वे कंपन्यांना दिलेल्या पट्ट्यालगतची अडीच डॉलरनं. नकाशे कच्चे, कार्यालयं दूर, त्यामुळे एकच तुकडा दोघांना विकला जाई, किंवा रेल्वेपासून लांबची जमीन दुप्पट भावानं गळ्यात पडे. 16 जून 1880 रोजी तिथल्या काँग्रेसनं खास कायदा केला. चुकून दिलेली आणि पक्की होऊ न शकणारी नोंद रद्द झाली, तर खरेदीदाराला पैसे परत; अडीच डॉलर चुकून घेतले असतील, तर वरचा सव्वा डॉलर परत. अट अशी, की सरकारी पावतीची प्रत जमा करायची आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं. पावती नाही तर परतावा नाही. दीडशे वर्षं आणि दोन महासागर ओलांडून तो नियम आपल्या कोषागाराच्या खिडकीवरही तसाच लागू आहे.

‘उघडकीस आलं’ म्हणजे काय?

कलम 65 मधली खरी गोम ‘उघडकीस आलं’ या शब्दांत आहे. करार फुकट आहे हे दोघांनाही आधीच ठाऊक असेल, तर उघडकीस काय येणार?

या मुद्द्यावरचा एक पायाभूत निर्णय योगायोगानं आपल्याच जुन्या राज्याचा आहे. परभणी हैदराबाद राज्यात असतानाच, डेक्कन बँकिंग कंपनीच्या खटल्यात हैदराबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे हा प्रश्न आला. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी निकाल लिहिला. त्याचा सारांश असा: करार बेकायदा आहे हे ठाऊक असून ज्यांनी तो केला, त्यांना कलम 65 चा आधार नाही, अज्ञानानं किंवा गैरसमजानं केला, त्यांना आहे. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणपट्ट्याच्या एका खटल्यात हाच विचार उचलून धरला. खाणीच्या नियमांविरुद्ध झालेल्या पट्ट्यापोटी दिलेले 80,000 रुपये परत मागणारी कंपनी रिकाम्या हातानं परतली.

वर्ग-2 ची जमीन घेणारा इथंच अडकतो. सातबारावर ‘वर्ग-2’ छापलेलं असतं, ‘इतर अधिकार’ रकान्यात बंदीचा शेरा असतो. सातबारा उघडा कागद आहे, कुणालाही मिळतो, आता तर मोबाईलवरही दिसतो. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हटलं, तरी साधी चौकशी केली असती तर कळलं असतं, एवढ्यावर कायदा तुम्हाला माहीत होतं असं धरू शकतो. सरकार अशा व्यवहाराला शर्तभंग म्हणतं, जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि खरेदीदाराला उरतो तो विकणाऱ्याविरुद्धचा दिवाणी दावा. तिथं मालमत्ता हस्तांतरण कायदा मदतीला येतो, कारण विकायचा अधिकार मला आहे ही हमी प्रत्येक विक्रेत्यानं दिली असं तो कायदा समजतो. पण विकणाऱ्यानं पैसे लग्नात, कर्जात, दवाखान्यात घातलेले असतात. हुकूमनामा हातात येतो, वसुली येत नाही.

आणि नोंदणीचं काय? दस्त नोंदवला म्हणजे सरकारनं मालकी तपासली, ही समजूत गावोगाव आहे. सर्वोच्च न्यायालयानं 7 एप्रिल 2025 रोजी तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्टच केलं, की विकणाऱ्याला मालकी आहे की नाही हे ठरवणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, तो वैध असल्याची हमी देत नाहीत. गुरुजींच्या युक्तिवादातला मधला दुवा इथं निखळतो.

शिक्के खरे, मंजुऱ्या खऱ्या, जमीन मात्र वनाची

सरकारी शिक्का हीच ढाल मानणाऱ्यांनी पुण्याच्या कोंढवा बुद्रुकचं प्रकरण वाचावं. तिथली 11.89 हेक्टर जमीन राखीव वनाची. 1998 मध्ये ती एका कुटुंबाला शेतीसाठी देण्यात आली, लगेच ती एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली, 2007 मध्ये पर्यावरण मंजुरीही आली. कागदांवर सह्या सरकारच्याच होत्या. 15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं वाटप बेकायदा ठरवलं, मंजुरी रद्द केली आणि जमीन तीन महिन्यांत वनखात्याकडे द्यायला सांगितली. शिवाय महसूल खात्याकडून खासगी हातांत गेलेल्या राखीव वनजमिनी शोधायला सगळ्या राज्यांना विशेष तपास पथकं नेमायला लावली. जमीन परत घेणं लोकहिताचं नसेल, तर ती बाळगणाऱ्याकडून किंमत वसूल करावी, असंही बजावलं. म्हणजे एकदा किंमत मोजलेल्यावर दुसऱ्यांदा मोजायची पाळी येऊ शकते.

मुद्रांकाचे पैसे मात्र सरकारकडेच असतात

गुरुजींच्या हातून गेलेल्या पैशांपैकी मुद्रांकाची रक्कम निःसंशय सरकारजमा आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात वाया गेलेल्या मुद्रांकाच्या परताव्याची सोय आहे. अर्ज मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा आणि साधारण मुदत सहा महिन्यांची. बहुतेकांचा घास इथंच हुकतो, कारण फेरफार नामंजूर होईतो, अपील होईतो, विकणाऱ्याशी बोलणी फिसकटेतो सहा महिने सहज उलटतात.

मुंबईत भायखळ्याच्या एका खरेदीदारानं 2014 मध्ये 25 लाख 34 हजार 400 रुपये मुद्रांक भरला. नंतर कळलं, की विकणाऱ्यानं तीच मिळकत 1992 मध्येच दुसऱ्याला विकली होती. परताव्याचा ऑनलाइन अर्ज वेळेत झाला, खरेदी रद्द केल्याचा दस्त मात्र नंतर झाला. खात्यानं मुदतीवर बोट ठेवून अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. दहा वर्षांनी, मे 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं पूर्ण रक्कम परत करायला लावली आणि नागरिकाचा दावा न्याय्य असताना सरकारनं तांत्रिक मुद्द्यांच्या आड लपू नये असं सुनावलं. निकाल दिलासा देणारा आहे. पण तो मिळवायला दिल्ली गाठावी लागली, हेही विसरू नये.

कधी सरकार देत नाही, थोडं घेतं

काही वेळा परताव्यापेक्षा व्यवहार नियमित होणं खरेदीदाराच्या जास्त सोयीचं असतं. पैसे परत मिळाले तरी जमिनीचा भाव दरम्यान कुठल्या कुठे गेलेला असतो.

मराठवाड्यातल्या मदतमाश जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या असे व्यवहार होत आले. त्यांवर घरं, दुकानं, वसाहती उभ्या आहेत. 2024 मध्ये राज्य सरकारनं त्या नियमित करण्याचा नजराणा बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. कूळकायद्याच्या जमिनींचं दार तर 2014 पासूनच उघडं आहे: खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या महसुलाच्या, 40 पट नजराणा भरून ती विकता येते. आकार एकरी काही रुपयांचाच असतो, म्हणजे हा नजराणा बहुधा काही शेकड्यांत बसतो. तेवढे भरायचे राहिले म्हणून लाखांचे व्यवहार अडकल्याची उदाहरणं वकिलांच्या कपाटात भरलेली आहेत.

चाक उलटंही फिरतं. थकबाकीच्या लिलावात कुणीच बोली लावली नाही, तर सरकार नाममात्र एक रुपयाच्या बोलीनं जमीन स्वतःकडे घेतं. तिला आकारीपड म्हणतात. जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळानं अशा 4,849 एकर जमिनी 963 मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना बाजारमूल्याचा काही हिस्सा घेऊन परत द्यायचं ठरवलं. लिलाव, जप्ती, इनाम, कूळ यांतलं काहीही कायमचं मिटत नाही. पन्नास वर्षांनी का होईना, हिशेब पुन्हा उघडतो.

घड्याळ दोघांचं वेगळं

परताव्याचा दावा करायचा तर मुदत अधिनियम, 1963 पाहावा लागतो. ज्या कारणासाठी पैसे दिले ते कारणच कोसळलं, तर पैसे परत मागायला खरेदीदाराला तीन वर्षं आहेत. फसवणूक किंवा चूक नंतर कळली, तर ती कळल्यापासून मोजणी. सरकारविरुद्ध दावा असेल, तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकारला मात्र स्वतःचा दावा आणायला तीस वर्षं आहेत. म्हणून वाट पाहणं सरकारला परवडतं, खरेदीदाराला नाही. फेरफार नामंजूर झाल्याचा कागद हाती पडला, त्या दिवसापासून कॅलेंडरवर खूण करावी.

त्याहून बरं म्हणजे ती वेळच येऊ देऊ नये. मराठवाड्यात जमीन घेणाऱ्यानं नुसत्या आजच्या सातबारावर भागवू नये. 1954-55 चं खासरा पत्रक मागावं. मूळ कब्जेदार कोण आणि जमीन कुठल्या प्रकारची, हे तिथं कळतं. त्यानंतरचे सगळे फेरफार एकामागून एक वाचावेत. सरकारनं दिलेल्या जमिनींची नोंद गाव नमुना 1-क मध्ये आणि इनामांची गाव नमुना 3 मध्ये असते, ती पाहावी. ‘इतर अधिकार’ रकाना कोरा असला तरी जुना शेरा कुठल्या फेरफारानं उडाला ते विचारावं. परवानगी ‘मिळेलच’ म्हणणाऱ्याला इसार देऊ नये. आधी परवानगीचा आदेश, मग पैसे.

गुरुजींना किंमत परत हवी असेल, तर दावा विकणाऱ्यावर करावा लागेल. मुद्रांक परत हवा असेल, तर खरेदी रद्द करून सहा महिन्यांत अर्ज करावा लागेल. जमीनच ठेवायची असेल, तर ती कुठल्या इनामाची हे पाहून नजराणा भरावा लागेल. मुद्रांकाच्या परताव्यासाठी मूळ चलन लागेल. ते जपून ठेवा.